काश्मीरचा पावसाळा नेमका कधी असतो?

जुलैत काश्मीरला निघालेल्या मावशीचा फोन आला. "अरे, ऐन पावसाळ्यात चाललोय आम्ही. रेनकोट घेऊ की छत्री पुरेल?" मी म्हटलं, "मावशी, तिकडचा खरा पावसाळा मार्च-एप्रिलमध्येच होऊन गेला." पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग, "काहीतरीच काय बोलतोस!"

मावशीचं चुकलं असं म्हणता येणार नाही. आपल्या डोक्यातलं वर्षच मृगाच्या सरींनी सुरू होतं आणि परतीच्या पावसाने मिटतं. बाकीचे आठ महिने पाऊस पडला तर त्याला आपण थेट 'अवकाळी' म्हणतो, म्हणजे त्याने यायलाच नको होतं असं. काश्मीर खोऱ्यात हा शब्द फारसा उपयोगाचा नाही. तिथे बाराही महिन्यांत थोडंफार काही ना काही पडतं, आणि सगळ्यात जास्त पडतं ते आपण उन्हाळी कपडे बाहेर काढतो तेव्हा.

आधी एक आकडा सांगतो, त्याने मला स्वतःला चकवलं होतं. श्रीनगरचा वर्षभराचा पाऊस, बर्फाचं पाणी धरून, साधारण ७०० मिलिमीटर भरतो. पुण्याचा आकडाही त्याच्याच आसपास. म्हणजे वर्षाच्या शेवटी दोन्ही शहरांचं पर्जन्यमापक भांडं जवळपास सारखंच भरलेलं असतं, पण भरण्याची रीत पूर्ण उलटी. पुण्यात त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त पाणी जून ते सप्टेंबरमध्ये येतं आणि जानेवारीचा रकाना बहुतेक कोराच राहतो. श्रीनगरमध्ये सर्वांत ओला महिना मार्च, शंभर मिलिमीटरच्या आगेमागे. फेब्रुवारी आणि एप्रिल त्याच्या मागोमाग. जुलै-ऑगस्टमध्ये प्रत्येकी साठेक मिलिमीटर. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर सर्वांत कोरडे, तिशीच्या आसपास.

दोन पाहुणे, एक भिंत

खोऱ्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. साधारण १३५ किलोमीटर लांब आणि तीसेक किलोमीटर रुंद अशी एक परात. नैर्ऋत्येला पीर पंजालची रांग, ईशान्येला मुख्य हिमालय. परातीचा तळ समुद्रसपाटीपासून जवळपास १,६०० मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे आपल्या सर्वोच्च शिखराच्या उंचीवर तिथे भातशेती होते. काश्मीरच्या बातम्यांत 'मैदानी भागात पाऊस, उंचावर बर्फ' असं वाक्य येतं, तेव्हा त्यातलं 'मैदान' हे असं असतं.

या परातीत पाणी आणणारे पाहुणे दोन. एक आपल्या ओळखीचा, नैर्ऋत्य मोसमी वारा. दुसरा हिवाळ्यात पश्चिमेकडून येणारा. त्याला बातम्यांत कधी पश्चिमी विक्षोभ म्हणतात, कधी पश्चिमी झंझावात.

मोसमी वारा जम्मूपर्यंत पोचतो तो जूनअखेरीस, गंगेच्या मैदानातून लांबचा प्रवास करून, वाटेत बरंच बाष्प सांडून. उरलेलं घेऊन तो पीर पंजालवर आदळतो. या रांगेची शिखरं चार हजार मीटरच्या पुढची, आणि मोसमी वाऱ्याचं बहुतेक बाष्प असतं जमिनीलगतच्या काही किलोमीटरांत. मग पाऊस अलीकडेच, जम्मूच्या बाजूला कोसळतो. जम्मूला वर्षाला हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो आणि त्यातला मोठा वाटा जुलै-ऑगस्टचा. पलीकडच्या खोऱ्याला शिंतोडे मिळतात. महाबळेश्वरला धो धो आणि खाली वाईला भुरभुर हे ज्याने पाहिलंय, त्याला हे वेगळं समजावायला नको. पर्जन्यछाया तीच, फक्त भिंत सह्याद्रीच्या तिप्पट उंच.

१९५६ साली या भिंतीला भोक पाडून जवाहर बोगदा काढला, नंतर रेल्वेचा बोगदा झाला, आता महामार्गाचा नवा बोगदाही आहे. पावसाळ्यात जम्मूकडच्या बनिहालच्या बाजूला वायपर चालू ठेवून बोगद्यात शिरावं आणि खोऱ्यातल्या काझीगुंडला बाहेर पडताना ऊन असावं, हा अनुभव पुष्कळ प्रवासी सांगतात. एका बोगद्यात हवामानाचं राज्य बदलतं.

दुसऱ्या पाहुण्याची गोष्ट जास्त रंजक आहे. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिशय वेगाने वाहणारा वाऱ्याचा एक पट्टा असतो, त्याला जेट प्रवाह म्हणतात. उन्हाळ्यात तो हिमालयाच्या उत्तरेला असतो. हिवाळा आला की खाली सरकतो आणि हिमालयाच्या दक्षिण अंगाने वाहू लागतो. या प्रवाहात लाटा उठतात. भूमध्य समुद्राच्या परिसरात उगम पावलेल्या कमी दाबाच्या प्रणाली या लाटांवर स्वार होऊन इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान ओलांडत येतात. वाटेत कॅस्पियन समुद्राचं, अरबी समुद्राचं बाष्पही त्यांना मिळतं. हिवाळ्याच्या महिन्यात अशा चार-पाच तरी येतात, पण प्रत्येकीचा जोर वेगळा. कुणी नुसते ढग दाखवून जाते, कुणी दोन दिवस मुक्काम करून सगळं पांढरं करते.

मग पीर पंजालची भिंत यांना का अडवत नाही? कारण यांचं बळ जमिनीलगत नसतं, वर असतं. वरच्या थरांतली लाट खालची हवा उचलून घेते, आणि पर्वत त्या उचलण्याला मदतच करतात. मोसमी वाऱ्याला जी भिंत अडवते, तीच या पाहुण्याला शिडी होते. गुलमर्ग याच पीर पंजालच्या अंगावर, २,६५० मीटरवर बसलंय. तिथे इतका बर्फ का पडतो याचं बरंचसं उत्तर इथे आहे.

हा पाहुणा आपल्यालाही अगदीच अनोळखी नाही. त्याची प्रणाली उत्तरेतून पुढे सरकली की मागून गार कोरडा वारा उतरतो आणि निफाडचे द्राक्षबागायतदार रात्री शेकोट्या पेटवतात. तिचं टोक दक्षिणेपर्यंत आलं आणि बंगालच्या उपसागराकडच्या बाष्पाशी गाठ पडली की विदर्भ-मराठवाड्यात गारा. आपल्याकडे तो अवकाळी, तिकडे तोच मुख्य.

मार्चच का?

डिसेंबर-जानेवारीत इतका बर्फ, मग पहिला नंबर मार्चचा कसा? हा प्रश्न रास्त आहे. उत्तर हवेच्या पोटात आहे. हवा जितकी गार, तितकं तिच्यात बाष्प कमी मावतं. एका अंशाने तापली की साधारण सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. जानेवारीतली प्रणाली जोरदार असली तरी तिची झोळीच लहान. मार्चमध्ये जेट प्रवाह अजून दक्षिणेलाच असतो, प्रणाली येतच असतात, पण हवा उबदार झालेली असते. त्यात जमीन तापून दुपारी ढग वर चढायला लागतात. म्हणजे जुना पाहुणा तोच, झोळी मोठी आणि शिवाय खालून ढकलायला ऊन. एप्रिल-मेमध्ये हेच ऊन वरचढ होतं, मग गडगडाट आणि गारा. चेरी आणि कोवळ्या सफरचंदांवर गारा पडल्या की शेतकऱ्याचं काय होतं हे आपल्या द्राक्ष-डाळिंबवाल्यांना सांगायला नको.

डोळ्यांना मात्र जानेवारी मोठा वाटतो, कारण बर्फ फुगतो. एक मिलिमीटर पाणी म्हणजे ढोबळमानाने एक सेंटिमीटर ताजा बर्फ. पुण्यात दहा मिलिमीटर पडला तर आपण 'भुरभुर झाली' म्हणतो. तेवढंच पाणी बर्फ होऊन आलं तर चार इंचांचा थर, शाळा बंद आणि विमानं रद्द. हवामान खात्याच्या नोंदीत मात्र भांड्यातला बर्फ वितळवून येणारं पाणीच धरतात.

चाळीस दिवसांचा मोठा

काश्मिरी माणूस वर्ष सहा ऋतूंत मोजतो: सोंथ, ग्रीष्म, वहरात, हरुद, वंद आणि शिशुर. त्यांतला वहरात म्हणजे आपल्या 'वर्षा'चाच भाऊ, मध्य जुलै ते मध्य सप्टेंबर. ऋतू आहे, नाव आहे, पाऊस बेताचा.

पण सगळ्यांच्या तोंडी असतो तो हिवाळ्याचा आतला हिशेब. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, नंतर वीस दिवस चिल्लई खुर्द, शेवटी दहा दिवस चिल्लई बच्चे. फारसीत 'चिहिल' म्हणजे चाळीस. आणि 'खुर्द' तर आपल्या सातबाऱ्यावरचाच. वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द असतं ना, तोच हा खुर्द, म्हणजे धाकटा. थंडीचीही मोठी, धाकटी आणि बाळ अशी वाटणी.

चिल्लई कलानबद्दल एक गैरसमज हमखास आढळतो: थंडी सर्वांत जास्त म्हणजे बर्फ पडत असणार. प्रत्यक्षात हाडं गोठवणाऱ्या रात्री बहुतेक निरभ्र असतात. ढग असले की ते जमिनीवर गोधडीसारखे पसरतात, दिवसाची ऊब निसटू देत नाहीत. बर्फ पडताना श्रीनगरचं तापमान शून्याच्या जवळपास घुटमळतं. ढग गेले की ऊब सरळ आकाशात उडून जाते, वरच्या उतारांवरची गार, जड हवा घरंगळत परातीच्या तळाशी साचते आणि पारा उणे सहा-सातपर्यंत उतरतो. जमिनीवर आधीच बर्फ असेल तर आणखी खाली. जानेवारी २०२१ मध्ये श्रीनगरने उणे ८.४ पाहिलं. नळ फुटतात, दल सरोवराच्या कडा गोठतात, फेरनच्या, म्हणजे घोळदार लोकरी अंगरख्याच्या आत कांगडीतले, म्हणजे हातातल्या छोट्या शेगडीतले निखारे जपावे लागतात, आणि वर आकाश निळंशार.

पाऊस पडणार की बर्फ, हे ठरतं शेवटच्या काहीशे मीटरांत. वर ढगात बहुधा बर्फच असतो. खाली येताना वाटेत शून्याच्या वरचा हवेचा जाड थर लागला तर तो वितळून पाऊस होतो. दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंश गार होत जाते. गुलमर्ग श्रीनगरपेक्षा हजारभर मीटर उंच, म्हणून एकाच ढगाखाली तिथे बर्फ आणि इथे चिखल. हवा कोरडी असली तर एक-दोन अंशांवरही बर्फ टिकतो, कारण पडता पडता त्यातला काही भाग वाफ होतो आणि आजूबाजूची हवा गार करतो. म्हणूनच श्रीनगरच्या बर्फाचा अंदाज सांगणं हे धाडसाचं काम. एका अंशाची चूक झाली की 'जोरदार हिमवृष्टी'चा 'रिमझिम पाऊस' होतो आणि लोक वेधशाळेला नावं ठेवतात. ते लोण मात्र सगळीकडे सारखंच!

पहिला बर्फ पडला की त्याला 'नव शीन' म्हणतात. कागदात किंवा डब्यात थोडा बर्फ लपवून कुणाच्या तरी हाती द्यायचा. बेसावधपणे घेतला तर तो हरला, आता मेजवानी त्याच्याकडे. पहिल्या हिमवर्षावाचा उत्सव नीलमत पुराणातही सांगितला आहे, तेव्हा ही हौस बरीच जुनी.

पडतं एकदा, मिळतं दुसऱ्यांदा

आता मला जे खरं सांगायचंय ते. पाणी किती पडलं याच्याइतकंच, ते कोणत्या रूपात आणि केव्हा पडलं याला काश्मीरमध्ये महत्त्व आहे.

आपण चार महिन्यांचा पाऊस खडकवासला, कोयना, जायकवाडीत अडवतो आणि आठ महिने पुरवतो. काश्मीरचं धरण डोंगरावर असतं, भिंतीशिवाय, बर्फाच्या रूपात. हिवाळ्यात साठतं, मार्चपासून हळूहळू सुटायला लागतं. मे-जूनमध्ये झेलम आणि तिच्या उपनद्या फुगतात त्या प्रामुख्याने वितळलेल्या बर्फाने. जूनमध्ये भाताची लावणी होते ती या पाण्यावर. आपल्या कोकणातला शेतकरी लावणीच्या वेळी ढगाकडे बघतो, काश्मीरचा डोंगराकडे.

उलटी बाजूही आहे. भर हिवाळ्यात डोंगरावर पाण्याचा डोंगर उभा असतो, पण तो गोठलेला, म्हणून नद्या आटलेल्या. जलविद्युत केंद्रांची निर्मिती नेमकी तेव्हाच घसरते आणि हीटर-ब्लँकेटमुळे मागणी नेमकी तेव्हाच चढते. हिवाळ्यात काश्मीरमध्ये वीज का जाते, त्याचं एक मोठं कारण असं डोंगरावर गोठून पडलेलं असतं.

म्हणून चिल्लई कलानमधल्या बर्फाला जुनीजाणती माणसं सोन्यासारखा मानतात. थर थरावर बसतो, घट्ट होतो, वरच्या दऱ्यांत उन्हाळ्यापर्यंत टिकतो. तेवढंच पाणी फेब्रुवारीअखेरीस बर्फ होऊन पडलं तर ते लवकर वितळतं, आणि पाऊस होऊन पडलं तर त्याच आठवड्यात झेलममधून वाहून जातं. पर्जन्यमापकाला तिन्ही सारखेच. वर्षाची सरासरी बघून 'यंदा बरं झालं' म्हणणं इथे फसवं ठरतं ते यामुळे.

अलीकडच्या हिवाळ्यांनी हे रोकडं दाखवलं. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार तपकिरी होते, स्कीइंगला आलेले लोक गवतावर फोटो काढत होते. बर्फ आला तो महिना सरताना. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. फेब्रुवारी २०२५ मध्ये अनंतनागजवळच्या अच्छाबलचा प्रसिद्ध झरा आटला आणि गुलमर्गची खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा बर्फाअभावी पुढे ढकलावी लागली. मग फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवसांत बर्फ पडला, स्पर्धा मार्चमध्ये झाल्या. स्पर्धा पुढे ढकलता येतात. झऱ्यांचं तसं नसतं.

लवकर पडलेला बर्फही त्रासच देतो. नोव्हेंबर २०१९ च्या पहिल्या आठवड्यात जोरदार बर्फ आला तेव्हा सफरचंदाच्या झाडांवर पानं होती. बोडक्या फांदीवरून बर्फ घसरतो, पानांनी भरलेल्या फांदीवर तो बसून राहतो. वर्षानुवर्षं वाढवलेली झाडं मधोमध चिरली. बागवानाचं एका हंगामाचं नुकसान नव्हे, पुढच्या कित्येक हंगामांचं.

आणि सप्टेंबर २०१४. एरवी तिशी-चाळिशीत आटोपणारा महिना. त्या पहिल्या आठवड्यात पश्चिमेची प्रणाली आणि मोसमी बाष्प, दोन्ही पाहुणे एकाच वेळी दारात आले. एकाने बाष्प पुरवलं, दुसऱ्याने ते भिंतीवरून उचललं. दक्षिण काश्मीरमध्ये काही दिवसांत सरासरीच्या कित्येक पट पाऊस कोसळला, आणि बर्फ नव्हे तर पाऊस, म्हणजे साठायला कुठे जागाच नाही. परातीतून बाहेर पडायची वाट एकच, बारामुल्लाकडची अरुंद खिंड. झेलमला तळात उतार अगदी थोडा. ७ सप्टेंबरला श्रीनगरच्या मोठ्या भागात पाणी शिरलं. ही अडचण नवी नाही. नवव्या शतकात अवंतिवर्मा राजाच्या काळी सुय्य नावाच्या माणसाने बारामुल्लाजवळचे दगड काढून नदी मोकळी केली होती. राजतरंगिणी हा काश्मीरचा जुना इतिहासग्रंथ सांगतो की त्याने पात्रात नाणी टाकली आणि दुष्काळाने गांजलेल्या लोकांनी ती शोधता शोधता दगड उपसले. रोजगार हमीची यापेक्षा चतुर योजना मी वाचलेली नाही. सोपोर हे गाव त्याच्याच नावाचं, मूळ सुय्यपूर.

राहिला हरुद, म्हणजे शरद. कोरडा, सोनेरी, चिनार लाल. ऑक्टोबरअखेरीस पाम्पोरच्या माळांवर केशर फुलतं. कोरडवाहू असल्याने त्याला ऑगस्ट-सप्टेंबरच्या दोन-चार सरी हव्या असतात, फुलताना मात्र पाऊस नको. घराघरांत वांगी, दुधी, टोमॅटो चिरून उन्हात घातले जातात. त्याला 'होख स्युन' म्हणतात, म्हणजे सुकी भाजी. आपल्याकडे वाळवण एप्रिल-मेमध्ये, कारण जूननंतर ऊन नाही. तिकडे ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, कारण डिसेंबरनंतर ताजी भाजी नाही.

मावशीला हे सगळं फोनवर सांगणं शक्य नव्हतं. एवढंच सांगितलं की छोटी छत्री घे, संध्याकाळी एखादी सर येईल. रेनकोट जम्मूत थांबणार असाल तर. बर्फच बघायचा असेल तर जानेवारीत जा, पण आला नाही तर मला फोन करू नकोस.